काबुकी नटांची छापचित्रे: ‘प्रत’ म्हणजेच मूळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानच्या काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या नटांच्या चित्रांवर लेख आला. मराठीत या विषयावर फारसे लिहिले जात नाही, म्हणून लेखकाचे आणि आपले आभार. मात्र लेखातल्या दोन वाक्यांमुळे ही चित्रे मुळात काय आहेत हेच वाचकाला उलटे कळेल. ‘शाराकूने रंगवलेली ही चित्रे’ हे त्यातले पहिले, आणि ‘मूळ चित्र आज उपलब्ध नाही, केवळ छापील प्रती उरल्या आहेत’ हे दुसरे. शाराकू हा या चित्रांची रेखाटने करणारा अठराव्या शतकातला चित्रकार; त्याने या चित्रांना कधी रंग लावला नाही. आणि लेखात ज्यांना प्रती म्हटले आहे, त्याच मूळ आहेत.

लेखासोबतचे चित्र नट ओतानी ओनिजी तिसरा याचे आहे. १७९४ सालच्या पाचव्या महिन्यात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, कावारासाकी-झा या नाटकगृहात झालेल्या खेळात त्याने एदोबेई नावाच्या दुष्ट नोकराचे काम केले होते. कागद सुमारे ३८ सेंमी उंच आणि २५ सेंमी रुंद. तो दुकानात विकायला आला तेव्हा त्यामागे चार माणसांचे काम होते: पैसा घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, ठसे कोरणारा आणि छापणारा. चित्रकाराचे काम सगळ्यात आधी संपायचे. ठसे प्रकाशकाच्या मालकीचे असत. किती कागद छापायचे, कोणता रंग स्वस्तातला घालायचा, कोणता महाग, हेही तोच ठरवी.

लेखात रविवर्म्याच्या ओलिओग्राफशी तुलना आहे, तिथेच घोटाळा झाला असावा. गिरगावात १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्या छापखान्यात आधी तैलचित्र तयार असे आणि दगडावरून त्याच्या नकला निघत. तिथे ‘प्रत’ हा शब्द बरोबर आहे. एदोत आधी रंगवलेले असे काही नसेच. चित्रकार पातळ कागदावर फक्त काळ्या शाईने रेषा काढायचा. तो कागद रानचेरीच्या रंधून गुळगुळीत केलेल्या फळीवर भाताच्या खळीने पालथा चिकटवत. पालथा अशासाठी, की छापल्यावर चित्र सुलटे यावे. मग ओल्या बोटाने घासत कागदाचे मागचे पापुद्रे काढत, वरून तेलाचे बोट फिरवत. रेषा उलट्या बाजूने स्वच्छ दिसू लागल्या की कोरणाऱ्याची सुरी त्याच रेषांच्या कडेने चालायची, आणि ठसा पुरा होईतो रेखाटनाचा चुरा झालेला असे. म्हणजे मूळ हरवले नाही, ते कामात खर्च झाले. आज या प्रकारची जी रेखाटने शाबूत सापडतात ती बहुतेक कधीच न छापलेल्या चित्रांची आहेत.

खळ लावण्यातही कसब आहे. ती जाड राहिली की कागद सरकतो, सुरकुती पडते आणि नाकाची सरळ रेषा वाकडी कोरली जाते. कुठे कमी पडली तर तेवढ्या जागी कागद सुरीबरोबर उचलला जातो आणि तिथली रेषा अंदाजाने कोरावी लागते. ओल्या कागदाचे चित्र ताणले जाऊन रुंदावते ते निराळेच.

रानचेरीचे लाकूड निवडण्याचे कारण त्याचा घट्ट, सारखा पोत. फळी झाडाच्या उभ्या रेषेत कापलेली असते, त्यामुळे सुरी तंतूंच्या दिशेनेही चालते आणि आडवीही. मऊ-कडक पट्टे असलेल्या लाकडात आडव्या रेषेला टवका उडतो. रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी किंचित तिरपी धरतात, म्हणजे रेषा वर बारीक आणि मुळाशी रुंद राहते. मुळाशी आधार नसलेली रेषा काही शे कागद छापून झाले की मोडते. मग पटाशीने आणि गोल कोरणीने मधले लाकूड काढायचे: रेषेजवळ उथळ, मोठ्या मोकळ्या जागेत खोल. मोकळी जागा उथळ राहिली तर ओला कागद तिथे झोळ धरतो आणि नको तिथे रंगाचा डाग उठतो.

कोरणाऱ्यांत पायऱ्या होत्या. कपड्यांच्या घड्या, नक्षी, पार्श्वभूमी हे शिकाऊ हाताचे काम. चेहरा आणि केस मात्र उस्तादाकडे. कपाळाच्या कडेला जिथे केस सुरू होतात, तिथे चित्रकार बहुतेक वेळा नुसती हद्द दाखवून मोकळा होई. एकेक केस सोडवायचा तो कोरणाऱ्याने, आपल्या हिमतीवर. रेषा उठावात राखायची असल्यामुळे केस कापायचा नसतो, दोन केसांमधले लाकूड काढायचे असते, आणि चांगल्या ठशात एका मिलिमीटरच्या आत एकाहून जास्त केस बसतात. ‘केवारी’ नावाचे हे काम दहा-बारा वर्षे उमेदवारी केलेल्यालाच मिळे. पुढे, १८५० आणि १८६०च्या दशकांत, उतागावा कुनिसादाने आखलेल्या नटचित्रांवर योकोगावा ताकेजिरोसारख्या कोरणाऱ्याचे नाव स्वतंत्र चौकटीत येऊ लागले, यातच सगळे आले. शाराकूच्या कागदांवर मात्र कोरणाऱ्याचे नाव नाही.

नटचित्राच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच लागू होतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तोरी कियोनोबूच्या घराण्याने काढलेल्या नटांत चेहरे जवळपास एकसारखे असत. नट ओळखायचा तो अंगावरच्या घराण्याच्या खुणेवरून. एकात एक बसवलेले तीन चौकोन दिसले की तो इचिकावा दान्जुरो. १७६०च्या दशकात कात्सुकावा शुन्शो आणि त्याचे सहकारी त्या-त्या नटाचा खरा चेहरा काढू लागले, आणि तोही मोजक्या रेषांत: भुवई, पापणी, नाकाची एक सलग रेषा, ओठ. एदोबेईच्या चेहऱ्यावर सावली नाही, छटा नाही. बुबुळे नाकाकडे ओढलेली, तोंड आत मिटलेले, हनुवटी पुढे, एवढ्यावर तो माणूस उभा आहे. अशा चेहऱ्यात ओठाची रेषा अर्ध्या मिलिमीटरने जाड राहिली तरी नट बदलतो. शाराकूची नजर तीक्ष्ण होती, यात शंका नाही. पण ती आपल्यापर्यंत पोचली ती कोणा एका अनामिक माणसाच्या सुरीवरून, आणि म्हणून ‘शाराकूने रंगवलेली’ हे दोन शब्द मला खटकले.

आता रंगांविषयी. काळ्या रेषेचा मुख्य ठसा तयार झाला की त्यावरून काही कच्चे कागद छापत. चित्रकार एकेका कागदावर एकेका रंगाची जागा खुणेने दाखवी आणि ते कागद पुन्हा नव्या फळ्यांवर पालथे चिकटवून रंगाचे ठसे कोरले जात. यात एक युक्ती आहे. मुख्य ठशाच्या कडेला दोन खुणा उठावात राखलेल्या असतात, छापणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात काटकोनी आणि त्याच कडेला डावीकडे सरळ. कच्च्या कागदावर चित्राबरोबर या खुणाही छापल्या जातात, त्यामुळे प्रत्येक रंगठशावर त्या आपोआप अचूक जागी उतरतात. छापताना कागदाचा कोपरा काटकोनात आणि कड सरळ खुणेला टेकवून सोडला, की दहावा रंगही पहिल्या रेषेच्या आत बसतो. या खुणांना ‘केन्तो’ म्हणतात. पूर्वी रेषा छापून रंग हाताने भरत, नंतर दोन-तीन रंगांचे ठसे आले, आणि १७६५ मध्ये चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या चित्रदिनदर्शिकांपासून पूर्ण रंगीत छपाई रूढ झाली. चेरीची फळी महाग, म्हणून ती दोन्ही बाजूंनी कोरत.

लेखात ‘ठसा कागदावर दाबून’ असे म्हटले आहे. आपल्याकडे कापडावर ठसे मारतात तसे चित्र डोळ्यांसमोर येते, पण इथे उलट आहे. ठसा जमिनीवरच्या पाटावर स्थिर असतो, त्याच्यावर ब्रशने रंग पसरायचा, कागद वर ठेवायचा आणि कागदाची पाठ घासायची. दाबयंत्र नाही, रूळ नाही, तेलाची शाई नाही. आपल्या कलाशाळांत वुडकट शिकवताना रुळाने तेलाची शाई लावतात, ती कागदावर थर होऊन बसते. जपानी छपाईत पाण्यातला रंग धाग्यांच्या आत जातो. कागद उलटून पाहिला तर मागेही दिसतो.

कागद कागदी तुतीच्या सालीचा, जाड आणि मऊ, ‘होशो’ नावाचा. त्याला आधी सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात देतात. तुरटी-सरस कमी पडला तर रंग फुटून रेषेबाहेर पसरतो आणि कागदाचे तंतू ठशाला चिकटून निघतात. जास्त झाला तर कागद ताठ होऊन रंग आत घेत नाही. छपाईच्या आदल्या दिवशी काही कागदांआड एकेक ओला करून गठ्ठा फळीखाली दाबून ठेवतात, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. छपाई चालू असेतो ती ओल टिकवावी लागते. गठ्ठ्याच्या कडा सुकल्या तर कागद आक्रसतो आणि केन्तोला बरोबर टेकवूनही रंग रेषेबाहेर जातो. ठसाही पाण्याने फुगतो. अनुभवी छापणारा अशा वेळी खूण किंचित तासतो किंवा तिथे लाकडाची चीप बसवतो, आणि दर थोड्या कागदांनंतर पुन्हा तपासतो.

घासायचे साधन म्हणजे ‘बारेन’, तळहातात मावेल अशी, सुमारे १२-१३ सेंमी व्यासाची चकती. कागदाचे थर एकावर एक चिकटवून, लाखेसारखे रोगण देऊन केलेली पाठ. तिच्या आत बांबूच्या कोंबावरच्या सालपटाच्या दोऱ्यांची चक्राकार गुंडाळी. आणि बाहेरून त्याच सालपटाचे घट्ट वेष्टन. जोर पडतो तो गुंडाळीच्या बारीक गाठींवर. दोरा जाड तर मोठ्या सपाट रंगासाठी, बारीक तर चेहऱ्याच्या रेषांसाठी. वेष्टनाला अधूनमधून कॅमेलियाच्या बियांचे तेल लावतात, नाहीतर ओला कागद खरवडला जातो. ब्रश घोड्याच्या केसांचे. केसांची टोके जाळून शार्कच्या कातडीवर घासून मऊ केलेली, म्हणजे रंगात ब्रशच्या रेघा उठत नाहीत. ठशावर रंगाबरोबर भाताच्या खळीचा ठिपका टाकतात. खळ नसेल तर सपाट रंगात तिळासारखे ठिपके राहतात. जास्त झाली तर कोरलेल्या कडांशी रंग साचून रेषा माखते.

आधी काळी रेषा, मग सहसा लहान आणि फिके रंग, मोठ्या जागा शेवटी. रंग उतरता हवा असेल तर ठशाचा भाग ओल्या फडक्याने पुसून एका बाजूलाच रंग ठेवतात. हे प्रत्येक कागदाला नव्याने करावे लागते, त्यामुळे दोन कागद तंतोतंत सारखे नसतात. पांढऱ्या कपड्यावर नक्षी हवी तर रंग न लावता कोरडा ठसा घासून उठाव आणतात. एका खेपेला २०० कागद हे व्यवहारातले माप होते. खप झाला तर पुढच्या खेपा, आणि त्यांत बहुधा काटकसर: एखादा रंग कमी, उठाव गायब, केसांच्या रेषा झिजलेल्या. म्हणून कपाळावरचे केस पाहून खेप लवकरची की उशिराची हे सांगता येते.

छापलेल्या पानावर एदोबेईच्या मागे मळकट करडा रंग दिसतो. तो खरा तसा नाही. तिथे आधी गडद शाई छापून त्यावर चिकट द्रव्याच्या आधाराने अभ्रकाची पूड बसवलेली आहे. कागद हातात धरून हलवला की चेहऱ्यामागे काळसर चांदीसारखी चमक फिरते. शाराकूच्या पहिल्या २८ मोठ्या मस्तकचित्रांना अशी पार्श्वभूमी आहे. प्रकाशक त्सुताया जुझाबुरोची निम्मी मालमत्ता १७९१ मध्ये सरकारने एका पुस्तकप्रकरणात जप्त केली होती, आणि तीनच वर्षांत त्याने एका नवख्या चित्रकारावर २८ चित्रांचा हा डाव लावला. सुमारे दहा महिन्यांत शाराकूची १४०हून अधिक चित्रे निघाली आणि १७९५च्या सुरुवातीला ती थांबली. पुढची बरीचशी लहान, अरुंद कागदावरची आहेत आणि माझ्या मते पहिल्या २८ची धार त्यांत नाही. अभ्रक घासले की निघते, घडी पडली की तडकते. ते कॅमेऱ्यात पकडायचे तर प्रकाश एका कडेने घ्यावा लागतो.

घाईबद्दलही लेखात यायला हवे होते, कारण नटचित्राचा धंदा घाईवर चाले. खेळ रंगात आहे तोवर कागद विकला गेला पाहिजे. कधी खेळ सुरू होण्याआधीच ठसे कोरायला घेत, आणि ऐन वेळी नट बदलला की पंचाईत. मग ठशातले नाव किंवा अख्खा चेहरा चौकोनी तोडून काढत आणि तिथे चेरीचा नवा तुकडा घट्ट ठोकून त्यावर नवा कोरत. असा तुकडा नीट बसला नसेल तर रेषेत केसाएवढी फट दिसते. नट वारला तर त्याचे मृत्युचित्र लागोलाग बाजारात येई. आठवा दान्जुरो १८५४ मध्ये ओसाकात आत्महत्या करून गेला, तेव्हा दोनशेहून अधिक निरनिराळी मृत्युचित्रे निघाली. कित्येकांवर ना प्रकाशकाचे नाव ना सरकारी शिक्का, आणि त्यांतले तपशील एकमेकांशी जुळत नाहीत.

सरकारचा हातही होताच. १७९० पासून रेखाटन तपासनिसाकडे दाखवून ‘किवामे’ हा शिक्का घ्यावा लागे, आणि तो ठशातच कोरला जाई. १८४२ च्या सुधारणांत नटांच्या चित्रांवर बंदी आली, रंगांचे ठसे सात-आठावर आणि किंमत १६ मोनवर (मोन हे तेव्हाचे किरकोळ नाणे) बांधली गेली. एक वाटी सोबा शेवयांचा भावही तेवढाच होता. बंदी सैल झाल्यावर काही वर्षे चित्रांवर नटाचे नाव न घालता फक्त भूमिका लिहीत. गिऱ्हाईक चेहऱ्यावरून नट ओळखत असे.

शेवटी रंग. लेखात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या कपाळावरच्या फडक्याला ‘तपकिरी’ म्हटले आहे. ते जांभळे होते. १६२९ मध्ये स्त्रियांना काबुकीत बंदी झाली, पुढे तरुण नटांना पुढचे केस काढण्याची सक्ती झाली, आणि ते भादरलेले कपाळ झाकायला हे जांभळे रेशमी फडके आले. छपाईत जांभळा करायचा तर करडईच्या फुलांचा लाल आणि आपल्याकडे पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याच्या जातीच्या फुलाचा निळा मिसळत. सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी पिकते तीच ही करडई. दोन्ही रंग नाजूक. करडईचा लाल उजेडाने उडतो, केन्याचा निळा उजेडाने आणि ओलीने. कोणता आधी उडाला यावर जांभळ्याचा कधी तपकिरी होतो, कधी राखाडी. हळदीचा पिवळाही टिकत नाही. नीळ, गेरू, हिंगूळ बऱ्यापैकी तग धरतात. जुन्या हाताने रंगवलेल्या चित्रांतला शेंदूर मात्र काळवंडतो. साधारण १८३० नंतर आयात केलेला प्रशियन निळा आणि १८६०नंतर रासायनिक लाल आला, त्या चित्रांची रंगसंगती म्हणूनच वेगळी, भडक दिसते. संग्रहालये ही चित्रे ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात आणि मोजके आठवडेच ठेवतात, ते याच कारणाने. कोणाच्या घरी असा कागद असेल तर त्याने तो खिडकीसमोर लावू नये आणि पुठ्ठ्यावर चिकटवू तर मुळीच नये, कारण पाठ झाकली की ओळखायची अर्धी साधने गेली.

लेखाखाली दिलेल्या खरेदीच्या माहितीमुळे हेही सांगतो. ‘अस्सल जपानी चित्र’ म्हणून विकले जाणारे पुष्कळसे ऑफसेट छपाईचे असते. दहापट भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीचे दिसले तर विषय संपला. लाकडी ठशाचा रंग सलग असतो, काळी रेषा कागदात किंचित रुतलेली, पाठीवर बारेनच्या फिरकीच्या खुणा. या खुणा असल्या म्हणून कागद जुना ठरत नाही. टोकियोत आदाचीसारख्या कार्यशाळेत आजही ठसे नव्याने कोरून शाराकू छापला जातो. ते प्रामाणिक, उत्तम काम आहे आणि नव्या छपाईचे म्हणूनच विकले जाते. १७९४चा कागद म्हणून ते विकणे ही फसवणूक.

एक विनंती. पुरवणीत चित्राची कड कापली आहे आणि तिच्याबरोबर सही, किवामेचा शिक्का आणि त्सुतायाचे चिन्ह, डोंगराखाली वेलीचे पान, तिन्ही गेली. कृपया पुढच्या अंकात चित्र पूर्ण छापावे आणि खाली अशी ओळ द्यावी: ‘ओतानी ओनिजी तिसरा, एदोबेईच्या भूमिकेत. रेखाटन: तोशुसाई शाराकू. प्रकाशक: त्सुताया जुझाबुरो, एदो, १७९४. लाकडी ठशांची छपाई, अभ्रकाची पार्श्वभूमी. कोरणारा आणि छापणारा यांची नावे कागदावर नाहीत.’

कळावे,
आपला,
मुद्राचित्रणाचा एक अभ्यासक, पुणे